मुकादम थांबला तेव्हा

एट्टन,

दहा दिवस झाले. टीव्हीवर, फोनवर, आपल्या बिल्डिंगखालच्या ग्रोसरीत, सगळीकडे तुमच्याबद्दल एकच वाक्य ऐकू येतंय: पडद्यावर राक्षस, प्रत्यक्षात देवमाणूस. हे वाक्य कोणी तुमच्या तोंडावर म्हटलं की तुम्ही हात झटकायचात. "देव-बिव नहीं. मैं टाइम पे आता था, टाइम पे जाता था. खलास." मलाही ते वाक्य आवडत नाही, पण वेगळ्या कारणाने. माणसाला एकदा देव करून टाकलं की त्याच्याशी भांडता येत नाही, आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. ते मिटवणं माझ्या हातात होतं. तुम्ही आमच्याहून दोनच मजले वर राहत होतात. मी आले नाही.

हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही असतात तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि ज्यांना वाचता येईल त्यांतल्या बहुतेकांनी तुमचा एकही सिनेमा पाहिलेला नसेल. त्यांच्यासाठी एवढंच सांगते. मल्याळम सिनेमात चाळीस वर्षं तुम्ही मालक केलेत, सावकार केलेत, जमीनदार आणि मुकादम केलेत. नायक एकदाही नाही. चहाच्या मळ्यातल्या त्या कृष्णधवल सिनेमात तुम्ही कंगाणी होतात, म्हणजे मळ्यातल्या मजुरांवरचा मुकादम, आणि तापाने फणफणलेल्या एका बाईला तुम्ही तिच्या खोलीतून बाहेर काढता. तेवढ्या एका प्रसंगासाठी केरळच्या दोन पिढ्यांनी तुमचा राग राग केला. अल कुसैसच्या क्लिनिकमध्ये मी तुमच्याबरोबर आले होते, तेव्हा शेजारच्या म्हातारीने तुमच्याकडे नीट निरखून पाहिलं, पर्स उचलली आणि दोन खुर्च्या सोडून जाऊन बसली. तुम्ही माझ्या कानाशी लागलात. आनंद तुमच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "देखा, मोळे? पचास साल हो गया. अभी तक गुस्सा!"

मोळे म्हणजे 'अगं मुली'. आणि एट्टन म्हणजे थोरला भाऊ. तुम्ही एकोणऐंशीचे, मी सव्वीसची, तरी हीच हाक मारायची अशी तुमची अट होती. अंकल म्हटलं की तुम्ही मागे वळून बघायचात, दुसऱ्या कोणाला हाक मारली की काय म्हणून.

आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा आलात ते कचऱ्याची पिशवी हातात घेऊन. मुलीकडे राहायला येऊन तुम्हाला महिनाही झाला नव्हता. पिशवी टाकायला बाहेर पडलात आणि मागे दार लागलं. तुमची मुलगी बिंदुचेची ऑफिसला, जावई शारजाला, नात शाळेत. तुम्ही मुंडू, म्हणजे तुमची ती पांढरी लुंगी, सावरत जिन्याने खाली आलात आणि आमची बेल वाजवलीत. दोन मजले उतरून आमच्याकडेच का, असं आईने विचारलं, तर म्हणालात, "इधर मछली फ्राय होता है. मतलब आदमी घर में है." आईने लगेच पान वाढलं. बांगडा तुम्ही काट्यासकट संपवलात.

जेवण झाल्यावर तुमची नजर बाबांच्या ट्रंकेवर गेली. बाबा मुंबईत एका युनियनच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडला, बाबा इथे आखातात नोकरीला आले, आणि येताना सोन्यासारखी जपून ही पत्रकांची ट्रंक घेऊन आले. इथल्या शाळेत मराठी नव्हतं. त्यामुळे बाबांनी मला त्या पत्रकांवरच वाचायला शिकवलं. माझा क कमळाचा नव्हता, कामगारांचा होता. तुम्ही म्हणालात, एखादं वाचून दाखव. मी उभी राहिले आणि 'कामगार बंधू-भगिनींनो'पासून शेवटच्या मागणीपर्यंत एका दमात वाचलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. संपल्यावर विचारलंत, "अच्छा है. लेकिन इसमें साँस कहाँ लेते हैं?"

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मी म्हटलं, "आधी मागण्या. श्वास नंतर."

"हिला उत्तरंसुद्धा छापूनच येतात," बाबा तुम्हाला हिंदीतून सांगायला लागले.

आपल्या भांडणाची सुरुवात तिथे झाली, एट्टन. तेव्हा ते गोड होतं.

मग शनिवारी दुपारी मी वर यायला लागले. लहानपणापासून शेजारीपाजारी मल्याळीच, त्यामुळे भाषा माझ्या कानावर होती. जिथे अडायचं तिथे तुम्ही सिनेमा थांबवून सांगायचात. तुमची नात कंटाळून म्हणायची, "अप्पूपन, यू आर ऑलवेज द बॅड गाय." तुम्ही म्हणायचात, "हाँ, पर बेस्ट बॅड गाय." तुमचा चेहरा पडद्यावर आला की मी एकच गोष्ट बघायचे: समोरचा बोलत असताना तुम्ही ज्या तऱ्हेने ऐकायचात ते. मी एकदा तसं म्हटलं, तर तुम्ही इतके हसलात की सुलेमानी चहा मुंडूवर सांडला. म्हणालात, तुमच्या काळी आवाज नंतर भरायचे. त्यामुळे शूटिंगला कोणी वाक्यं पाठ करायचं नाही. कॅमेऱ्यामागे प्रॉम्प्टर मोठ्याने वाक्य वाचायचा आणि नट ते उचलायचा. "सब लोग लिखता है, क्या सुनता है ये आदमी! अरे, मैं प्रॉम्प्टर को सुनता था. अगला डायलॉग क्या है, यही टेन्शन."

मी निराश झाले होते. तुमच्या ते लक्षात आलं असावं, कारण जरा वेळाने तुम्ही म्हणालात की ऐकायचं म्हणजे ऐकायचं, कोणाला का असेना. कानाला खोटं ऐकता येत नाही.

खोर फक्कानला गेलो होतो तेव्हाही आपलं वाजलं. किनाऱ्यावर चटई टाकून तुम्ही बंदराच्या क्रेनकडे बघत बसला होतात. एक माणूस वर काचेच्या खोलीत आणि खाली कंटेनरचा आख्खा डबा हवेत. तुम्ही म्हणालात, आमच्या गावच्या बंदरावर माल उतरवताना माणसं गायची, ते गाणं गेलं. मी लगेच म्हटलं, गाण्याने ओझं हलकं होत नव्हतं, फक्त मालकाला ऐकायला बरं वाटत होतं. तुम्ही मान हलवलीत. "सही है." मग थोड्या वेळाने, "पर गाते थे." मी पुन्हा मुद्दे मांडायला लागले, तेव्हा बिंदुचेचीने मला भजी दिली आणि म्हणाली, "खा ले. इनको गाना मिस होता है, बस. तू क्यों केस लड़ रही है?"

मला तसंच येत होतं. समोर माणूस आला की माझी केस तयार.

आता नाटकाचं. हे लिहायचं टाळतेय, म्हणून भजीपर्यंत गेले.

गेल्या वर्षी मी एकांकिका लिहिली. परदेशात काम करणाऱ्या एका मजुराची आई तिकडे गावी वारते. तो मुकादमाकडे रजा मागतो. मुकादम नाही म्हणतो. नाटक तेवढंच. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते करायचं ठरलं, आणि मी हट्टाने ते हिंदीत केलं, कारण मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधून दोन बस भरून माणसं बोलवायची होती. मंडळातल्यांनी नाकं मुरडली. मी सगळ्यांशी भांडले. मग मुकादम कोण करणार असा प्रश्न आला, आणि तुम्ही लिफ्टमध्ये, गुंडी लावत, अगदी सहज म्हणालात, "मुकादम चाहिए तो मैं खाली हूँ."

दहा वर्षांत तुम्ही काही केलं नव्हतं. वाक्यं लक्षात राहत नाहीत म्हणून तुम्हीच थांबला होतात. मी म्हटलं, मी प्रॉम्प्ट करीन. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला आठवतंय. बिंदुचेचीने नंतर सांगितलं की त्या दिवशी तुम्ही सलूनमध्ये जाऊन मिशी नीट करून आलात.

शाळेच्या हॉलमध्ये तालमी. पडद्याआड प्लास्टिकच्या खुर्चीवर मी, हातात कागद. पहिल्या दिवशी मी ओरडूनच सांगत होते. तुम्ही थांबलात. "इतना जोर से क्यों? मैं बहरा नहीं, भुलक्कड़ हूँ." सगळे हसले. हळूहळू जमलं. मी वाक्य सोडायचे आणि तुम्ही ते असं उचलायचात की ते मी लिहिलंय हे मलाच खरं वाटेना.

चौथ्या तालमीला तो प्रसंग आला. मजूर सांगतो, माझी आई गेली, मला जाऊ द्या. मुकादमाने म्हणायचं, "छुट्टी नहीं मिलेगी." मी वाक्य सोडलं. तुम्ही गप्प. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. तुम्ही गप्प. मजुराचं काम करणारा गोंधळून विंगेकडे बघायला लागला. मी तिसऱ्यांदा म्हटलं, जोरात, "छुट्टी नहीं मिलेगी!" तेव्हा तुम्ही पडद्याकडे वळलात. रागावला नव्हतात. अगदी हळू म्हणालात, "सुना था, मोळे. मैं नहीं अटका. वो रुका है."

"कोण?"

"मुकादम."

मी बाहेर आले. म्हटलं, तो थांबणार नाही. तो थांबला की लोकांना त्याची दया येईल, आणि मला दया नकोय, राग हवाय. तुम्ही म्हणालात, "तुमने देखा है कोई मुकादम? नजदीक से?" सगळ्यांसमोर. मला ते लागलं, कारण मी पाहिलेला नव्हता. मी पत्रकांत पाहिला होता. आणि मग मी जे बोलले ते तुम्हाला शब्दशः आठवत असणार, एवढं ते तुमच्या कानाने टिपलं असणार. मी म्हटलं, "चाळीस वर्षं तुम्ही मालकांना देखणं करत आलात. माझ्या नाटकात ते चालणार नाही."

तुम्ही चष्मा खिशात घातलात. जाताना मजुराचं काम करणाऱ्याच्या पाठीवर थाप मारलीत, "अच्छा करता है तू," म्हणालात. दुसऱ्या दिवशी बिंदुचेचीचा मेसेज आला: अच्छनचा, म्हणजे वडिलांचा, गुडघा दुखतोय, दुसऱ्या कोणाला तरी घ्या.

गुडघा दुखत नव्हता हे मला माहीत होतं. तरी मी 'गेट वेल सून' लिहिलं आणि खाली फुलांचं चित्र टाकलं. आठवड्याने लिफ्टमध्ये भेटलात. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" तुम्ही म्हणालात, "घुटना ठीक." मग मधल्या सगळ्या मजल्यांवर आपण दोघं आकड्यांकडे बघत राहिलो.

मुकादम नितीनने केला. इन्शुरन्समध्ये आहे, आवाज दणदणीत, वाक्यं पाठ. प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. मागच्या रांगांत कॅम्पची माणसं, इस्त्रीचे शर्ट घालून आलेली. तो प्रसंग आला. मजूर रडला. नितीनने क्षणही न दवडता पाय आपटला आणि गरजला, "छुट्टी नहीं मिलेगी!"

आणि मागच्या रांगा हसल्या, एट्टन. खुदकन नाही. मनापासून. नितीनला वाटलं रंगतंय, त्याने आणखी जोरात पाय आपटला. ते आणखी हसले. पुढे बसलेले मंडळाचे लोक टाळ्या वाजवत होते, आणि ज्यांच्यासाठी मी सगळ्यांशी भांडले होते ते डोळे पुसत हसत होते.

नंतर चहाच्या टेबलाशी कॅम्पमधला सलीम नावाचा श्रीवर्धनकडचा एक जण भेटला. बांधकामावर शटरिंगचं काम करतो. मराठी ऐकून खूश झाला. "ताई, झ्याक झालं नाटक. लय हसलो."

मी विचारलं, हसलात का?

तो जरा वरमला. "नाय, म्हंजे तो मुकादम... टीव्हीतल्यावानी होता. आमचा फोरमन असा नाय. तो बसवतो, चाय पाजतो. खांद्यावर हात ठेवतो. मग गप ऱ्हातो जरा वेळ. आनि मग नाय म्हनतो." त्याने कप चुरगळला. "त्याच्यावर वरडता पन येत नाय, ताई. तोच रडवेला झालेला असतो."

म्हणजे तुमचंच खरं होतं. कागदावर नाही, तिथे, कॅम्पमध्ये, माणसाच्या खांद्यावर. तुमचं ते थांबणं मी दया समजले. सलीमला त्याचं वजन माहीत होतं, कारण ते त्याने सोसलं होतं. मुकादम ओरडला असता तर सलीमने निदान मनातल्या मनात शिव्या तरी दिल्या असत्या. तो थांबला, आणि सलीमच्या हातातला रागसुद्धा काढून घेतला. हे माझ्या नाटकात असतं तर कोणी हसलं नसतं.

अर्थात तुम्हाला हेच म्हणायचं होतं का, ते मला माहीत नाही. कदाचित तुम्हाला खरंच त्या मुकादमाची दया येत असेल. चाळीस वर्षं त्यांच्यात राहिलात, येतही असेल. तसं असेल तर माझं तुमच्याशी अजूनही भांडण आहे. तो थांबला, ठीक. त्याचे डोळे भरले, ठीक. पण त्याने नाही म्हटलंच ना? सलीमला रजा मिळाली नाहीच ना? त्या थांबण्याचं माणसाने करायचं काय, कुठे ठेवायचं? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही "सही है" म्हणाला असतात, आणि थोड्या वेळाने "पर" म्हणाला असतात. त्या 'पर'च्या पुढे काय होतं ते आता मला कधीच कळणार नाही.

प्रयोगानंतर मी घरी आले. आईने विचारलं कसं झालं. मी म्हटलं, मस्त. आईने ते वर जाऊन सांगितलं. आणि मी ठरवलं की आता रिकाम्या हाताने तुमच्याकडे जायचं नाही. नाटक नव्याने लिहायचं, मुकादमाचं थांबणं त्यात घालायचं, नीट टाईप करायचं आणि ते कागद तुमच्या हातात देऊन म्हणायचं, हा तुमचा पार्ट. माफीसुद्धा मला सुधारून, शुद्धलेखन तपासून द्यायची होती. बाबा एकदा म्हणाले, "अगं, वर जा की. पत्रक लिहून भागत नाही. गेटवर उभं राहून वाटावं लागतं, तेव्हा समोरच्याचं तोंड दिसतं." मी म्हटलं, शेवटचा प्रवेश राहिलाय.

पाच महिने तो शेवटचा प्रवेश राहिला. मधे तुम्ही दोनदा हॉस्पिटलमध्ये गेलात. पहिल्यांदा परत आलात, तेव्हा आई डबा घेऊन गेली, मी ऑफिसचं काम आहे म्हणाले. दुसऱ्यांदा गेलात, आणि मंगळवारी सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर बिंदुचेचीचं एका ओळीचं वाक्य आलं. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत माझंही एक आहे.

बुधवारी दुपारी मी वर आले. मुहैस्नाहच्या शवागारात कागदपत्रं चालू होती, तुमचे जावई तिकडे होते. संध्याकाळच्या विमानाने तुम्हाला गावी न्यायचं होतं. बिंदुचेची बॅग भरत होती. तुमचे शर्ट पलंगावर होते, आणि त्यातले कोणते न्यायचे हे तिला ठरवता येत नव्हतं. मी घड्या घालायला बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अच्छन तेरे नाटक का पूछते थे. हॉस्पिटल में भी."

मी विचारलं, काय?

"पूछा, लोगों को मुकादम पे गुस्सा आया? मैंने कहा, बहोत आया. तेरी मम्मी ने बताया था ना, सुपरहिट." तिने एक शर्ट उलगडला, पुन्हा घडी घातली. "तो बोले, फिर मोळे सही थी. मैं पुराना आदमी हूँ. वो रुकना-वुकना अब नहीं चलता."

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. तुम्ही हरलो असं समजून गेलात. चाळीस वर्षं जे केलंत ते जुनं झालं, असं समजून. आणि हे तुम्हाला पटवून दिलं ते माझ्या 'मस्त' या एका शब्दाने.

मी चेचीला सगळं सांगितलं. नितीन, पाय आपटणं, मागच्या रांगा, सलीम. सांगता सांगता मी रडायला लागले होते. तिने वर पाहिलं.

"हँसे?"

"हो."

"कॅम्पवाले? सब?"

"सगळे."

तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं तीही रडतेय, पण ती हसत होती. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "अय्यो! अय्यो, एंटे मोळे! और तूने ये उनको बताया नहीं?" मग तिचं हसू ओसरलं. "तुझे पता है वो कितने खुश होते? एक महीना यही चलता. एक-एक नर्स को पकड़ के सुनाते. ड्रिप लगी होती तो भी उठ के पैर पटक के दिखाते, कि ऐसे किया उसने, ऐसे! माफी-वाफी का क्या करते वो? ये सुनना था उनको."

मी खाली येऊन नव्या नाटकाचे कागद काढले. ते मी ठेवलेत, त्यावर पुढे काम करीन. ते माझं काम आहे, तुमच्यापर्यंत त्यातलं काही पोहोचणार नाही. तुम्हाला द्यायचं होतं ते त्या कागदांत नव्हतंच. ते पाच महिने माझ्या तोंडात होतं, आणि दोन मजले चढायला मिनिटसुद्धा लागलं नसतं.

एट्टन, ते हसले. नितीनने पाय आपटला आणि मागच्या रांगा सगळ्याच्या सगळ्या हसल्या. एकालाही राग आला नाही हो. एकालाही नाही.